शस्त्र आणि सत्तेची मर्यादा

लातूर-नांदेड वाटेवरील चाकूर हें गांव १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें. त्या वर्षीं या मुलखांत निजामसमर्थक रझाकारांच्या हातीं बंदुका होत्या; सामान्य रयतेजवळ काठी-कुऱ्हाडीपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा जवळच्याच लातुरांतला वकील. १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली.

पुढें अडीच महिन्यांनीं घटना समितींत हरि विष्णु कामथ यांनीं शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची उपसूचना मांडली. इंग्रजांच्या १८७८ च्या हत्यार कायद्याचें शल्य जुनें होतें. काँग्रेसच्या १९३१ च्या ठरावांतही नियमाधीन असा हक्क नमूद होता. तरी डॉ. आंबेडकरांनीं ती अमान्य केली. शस्त्रधारण हा व्यक्तीचा हक्क नव्हे, तें कर्तव्य मानावें, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

मराठवाड्याचा अनुभव काय सांगतो? निःशस्त्र रयत असहाय ठरली, हें खरें. परंतु रझाकारांच्या बंदुकीस राज्यकर्त्यांचें अभय होतें आणि त्या राज्यकर्त्यांस जाब विचारणारें न्यायालय प्रजेस नव्हतें. खरी उणीव ती होती. स्वतंत्र भारतानें १९५९ च्या कायद्यान्वयें बंदुकीस परवाना लाविला. त्यापूर्वींच संविधानानें सत्तेस मूलभूत हक्कांचा लगाम घातला होता. ३२ व्या कलमानें नागरिक या हक्कांसाठीं थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाऊं शकतो.

प्रजेनें बंदूक खालीं ठेवावी, ही अपेक्षा सरकारनें स्वतः कायदा पाळला तरच न्याय्य ठरते.