सह्याद्रीचा कातळ आणि आपली लेणी

आपण लेण्यांच्या सहली काढतो, वंदना घेतो, फोटो काढतो. पण लेणी ज्या डोंगरात आहेत त्या डोंगराकडे कुणी बघत नाही. नाशिकच्या लेण्यांना तर लोक सर्रास 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणे! तिथल्या शिलालेखात त्या डोंगराचं नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी, असं आहे. आणि एका रात्रीत काय होतं ते खडकालाच विचारावं.

सह्याद्री हा लाव्हारसाचा डोंगर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. हा खडक आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलाय. बोरघाटातून जाताना कड्यांवर पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर. सगळे थर मात्र सारखे नाहीत. काही घट्ट काळे, पण उभ्या भेगांचे. काहींत वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली, ती पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरली. मधेच एखादा लाल, कच्चा पट्टा. कच्च्या जागी छत टिकत नाही, भेगांतून पाणी झिरपतं. म्हणजे जाड, सलग थर हेरणं हेच पहिलं काम. भाज्याच्या कारागिरांनी ते सुमारे २२०० वर्षांपूर्वी केलं. भूगर्भशास्त्राचं पुस्तक कुठून असणार त्यांच्याकडे!

कोरायचं वरून खाली, म्हणजे छताला परांची लागत नाही. अजिंठ्याचं २४ नंबरचं लेणं अर्धवट राहिलंय. तिथे छिन्नीचे घाव मोजत उभं राहावं.

पाण्याचंही तसंच. पाऊस चार महिने धो-धो, पण उन्हाळ्यात ओढे कोरडे. म्हणून भिक्खूंसाठी कातळातच टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय, आणि पोढीचं दान देणाऱ्यांची नावंही आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, दाराजवळ, ब्राह्मी लिपीत असंच एक नाव आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. दार त्यानं केलं. राजा नाही, सेठ नाही, सुतार! आत गेलात की मान वर करून बघा. छताच्या लाकडी कमानी अजून मूळच्याच आहेत.