हायडॅटिड रोग (माणदेश)

कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीमुळे मेंढी, शेळी, गाय, म्हैस, डुक्कर आणि माणूस यांच्या अवयवांत पाण्याने भरलेली गाठ वाढते, त्या विकाराला हायडॅटिड रोग म्हणतात. पाण्याने भरलेला फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले. जागतिक आरोग्य संघटनेने तो दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातला आहे. एकायनोकॉकसच्या निरनिराळ्या जातींमुळे जगात कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक माणसे आजारी असतात, असा या संघटनेचा अंदाज आहे. जिथे मेंढरे आणि कुत्री एकत्र राहतात आणि जनावर घराजवळच कापले जाते, तिथे हा रोग मूळ धरतो. सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत या माणदेशाच्या कमी पावसाच्या मेंढपाळ पट्ट्यात या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

पट्टकृमी म्हटले की हातभर लांबीचा जंत डोळ्यांपुढे येतो. हा जंत मात्र जेमतेम 3 ते 6 मिलिमीटर लांबीचा असतो. एका कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो जंत असले तरी कुत्रा धडधाकट दिसतो, त्यामुळे धन्याला शंका येत नाही. जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवताला, पाण्याला, मेंढीच्या लोकरीला, खुद्द कुत्र्याच्या केसांना चिकटतात. चरताना ती मेंढीच्या पोटात गेली की अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे काळजात (यकृतात) किंवा फोपशात (फुप्फुसात) जाऊन बसते आणि तिथे तिची गाठ होते. गाठीच्या पाण्यात तळाला वाळूसारखा बारीक गाळ साचतो. त्यातल्या कणाकणांत नव्या जंताचे डोके असते. असे काळीज कुत्र्याने खाल्ले की साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या पोटातले जंत अंडी घालू लागतात. गाठ आणि जंत ही एकाच जिवाची दोन रूपे आहेत, हे कार्ल फॉन सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने 1852 च्या सुमारास मेंढीच्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून दाखवले.

माणूस या साखळीत चुकून सापडतो. मटण किंवा काळीज खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्याकडून येणाऱ्या अंड्यांमुळे होतो. कुत्र्याच्या पाठीवरून फिरलेला हात तसाच भाकरीला लागतो, माळावरून वेचून आणलेली भाजी न धुता खाल्ली जाते, लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडते. वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळावर, स्वयंपाक, पाणी, कोकरांची देखभाल आणि कुत्र्याला भाकरी घालणे ही कामे बहुतांशी बायकांकडे असतात, म्हणून त्यांना धोका अधिक. केनियातल्या तुर्काना पशुपालकांत तर लागण झालेल्यांत बायकांचेच प्रमाण जास्त आढळले आहे.

माणदेशाची हवा या जंताला सोयीची नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. अंडी गारव्यात आणि ओलीत कित्येक महिने टिकतात, पण कोरड्या उन्हात लवकर मरतात. वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या माळावर चैत्र-वैशाखात उघड्यावर पडलेली बहुतेक अंडी जगत नसावीत. टिकतात ती पाझर तलावाच्या काठाला, नालाबांधाच्या सावलीला, मेंढरे बसवतात त्या ओल्या शेतात आणि लोकरीच्या आत. दुष्काळात माणसे, मेंढरे आणि कुत्री एकाच पाणवठ्यावर येतात, तेव्हा धोका नेमका तिथेच गोळा होतो. शिवाय दिवाळीनंतर वाडे कृष्णाकाठाकडे आणि पुढे उतरतात. त्यांच्यासोबत कुत्री जातात आणि अंडीही दुसऱ्या गावांच्या शिवारात पोचतात.

साखळीची खरी कडी मात्र जनावर कापण्याच्या जागी आहे. जत्रा, कंदुरी, नवस किंवा पाहुणा आला म्हणून घरी बकरे पडते. गाठ आलेले काळीज किंवा फोपसे माणसे खात नाहीत, ते बाजूला टाकतात आणि कुत्रे उचलते. जे माणसाने नाकारले तेच सर्वांत धोक्याचे असते. यातही म्हाताऱ्या मेंढीचा धोका मोठा, कारण गाठ पिकून तिच्यात डोकी तयार व्हायला बरीच वर्षे लागतात. कोवळे नर बाजारात विकले जातात; भाकड झालेली किंवा दुष्काळात मेलेली मेंढी गावातच राहते. तिचे मढे माळावर टाकले तर लांडगेही खातात आणि त्यांच्या पोटातही हा जंत वाढतो.

कळपात एखादी मेंढी मान वाकडी करून एका जागी गरगर फिरू लागते, ते मेंढपाळाला चांगले ठाऊक असते. तो टीनिया मल्टिसेप्स या दुसऱ्या पट्टकृमीचा विकार. त्यात गाठ मेंदूत होते आणि मेंढीचे मुंडके कुत्र्याने खाल्ले की फेरा पुरा होतो. दोन्ही रोगांचा रस्ता एकच आहे. मेंढपाळाशी बोलताना सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या या मेंढीपासूनच करावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

माणसात गाठ बहुधा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात होते. ती इतकी सावकाश वाढते की लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याचा त्रास चाळिशीत जाणवू शकतो. उजव्या बरगडीखाली जडपणा, दुखणे, खोकला अशी लक्षणे असतात, पुष्कळदा काहीच नसते. गाठ फुटली तर जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी येते आणि सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी होतात, म्हणून निदानाआधी तिच्यात सुई घालू नये. निदान सोनोग्राफीने होते. विष्ठातपासणीत काही सापडत नाही, कारण माणसाच्या आतड्यात जंत नसतोच. याच कारणाने शाळेत जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी इथे पुरत नाही. तेच औषध महिनोन्‌महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते. गाठीच्या अवस्थेनुसार शस्त्रक्रिया करतात किंवा सोनोग्राफीवर पाहत सुईने पाणी काढून आत औषध सोडतात. निकामी झालेल्या गाठीवर नुसती नजर ठेवतात.

केवळ मेंढीकडे पाहून भागणार नाही. पश्चिम भारतातील जनावरांच्या गाठींची जनुकीय तपासणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या जंताचा म्हशीशी जोडला जाणारा जी-3 प्रकार सर्वाधिक आढळला. मेंढीचा जी-1 प्रकारही होता.

रोग हटवता येतो, याला पुरावा आहे. आइसलँडमध्ये तो एकेकाळी घरोघर होता. 1863 मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे अभ्यासाला गेला. पुढे साध्या भाषेतली पुस्तिका घराघरांत वाटली गेली, कुत्र्यांना औषध देण्याचे आणि गाठीचे अवयव नष्ट करण्याचे नियम झाले आणि काही पिढ्यांत रोग संपला. न्यूझीलंड 2002 मध्ये तात्पुरते रोगमुक्त जाहीर झाले. मेंढ्यांसाठी आता ईजी-95 ही लसही आहे.

वाड्यावरचे कुत्रे लांडग्यापासून कळप राखते, ते काढून टाका असे मेंढपाळाला सांगणे अन्यायाचे आहे आणि त्याची गरजही नाही. गाठीचे काळीज-फोपसे खोल पुरावे किंवा निदान अर्धा तास उकळल्याशिवाय कुत्र्याला घालू नये. कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने वर्षातून किमान चार वेळा प्राझिक्वांटेल द्यावे. मात्रा दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम, म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याला 100 मिलिग्रॅम. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवून त्याची विष्ठा जाळावी किंवा पुरावी. या औषधाने जंत मरतो, अंडी मरत नाहीत.