घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

आमच्या दातिवऱ्यात गटाची बैठक संपून हप्त्यांची वही मिटली, की घरच्या गोष्टी निघतात. नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करणारी एखादी असतेच. नक्कल करताना ती मध्येच श्वास धरते आणि मग दचकून मोठ्याने घोरते. सगळ्या हसतात. हा मधला थांबलेला श्वास बायकांना कायमच ऐकू येत होता. डॉक्टरांना तो सापडायला मात्र फार वर्षं गेली.

१८३६ पासून चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली गेली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे, काम करता करता झोपणारा, घोरणारा. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या आजाराला त्या कादंबरीचंच नाव दिलं. पण त्यांनी पाहिला तो दिवसाचा माणूस. रात्री उशाशी बसून मोजमाप झालं ते १९६५ च्या सुमारास, फ्रान्स आणि जर्मनीत. तेव्हा दिसलं की छाती हलतेय, श्वास घ्यायची धडपड चाललीय, पण हवा आत जात नाही. झोपेत घसा सैल पडून वाट बंद होते. मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, पुन्हा तेच. रात्रभर. मग दिवसा पेंग येणार नाही तर काय!

पहिला उपाय धाडसाचा होता. घशाच्या खाली श्वासनलिकेलाच भोक पाडायचं. जर्मन डॉक्टरांनी १९६९ मध्ये तो नोंदवला. माणूस दिवसा ताजातवाना व्हायचा, पण गळ्यातलं भोक सांभाळत जगायचं. १९८१ मध्ये डेट्रॉइटच्या डॉ. फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ आणि टाळूचा सैल भाग काढायची शस्त्रक्रिया मांडली. तिचा गुण सगळ्यांना सारखा आला नाही, कारण कुणाची वाट टाळूशी अडते, कुणाची जिभेमागे. म्हणून आता शस्त्रक्रियेआधी औषधाने झोपवून, नाकातून दुर्बीण घालून अडतंय कुठे ते बघतात. त्याच १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. सुलिवन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारा मास्क आणला. मोठ्यांना आज बहुधा आधी तोच देतात. लहान मुलांना टॉन्सिल काढल्यावर बऱ्याचदा आराम पडतो.

आपल्या मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २५० जणांची झोप मोजली. २००४ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात साडेसात टक्क्यांना हा आजार निघाला. पण ते सगळे पुरुष होते! २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. तेही पुरुषच.

पाळी गेल्यावर बायकांमध्येही हा आजार वाढतो. आपण घोरण्याचं सांगत नाही. सकाळी डोकं दुखतं, अंग मोडून येतं, झोप तुटते, एवढंच सांगतो. आणि ते पहाटेच्या मासळीवर ढकलून मोकळ्या होतो. नवऱ्याचं घोरणं आपण ऐकलं, आपलं कोण ऐकणार? शेजारी झोपणाऱ्या लेकीला सांगा, मोबाईलवर टेप करून ठेव. ते नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना ऐकवा आणि झोपेची तपासणी कुठे होते ते विचारा. एका रात्रीचं काम असतं.