निषादराज एकलव्य : महाभारतातील उल्लेख आणि त्यांचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

महाभारतातील धनुर्धरांची गणना करताना अर्जुन व कर्ण यांच्या पाठोपाठ एकलव्याचे नाव घेतले जाते. तथापि, लोकमानसातील एकलव्य हा बहुतांशी एका प्रसंगापुरता मर्यादित आहे. गुरूच्या मातीच्या मूर्तीसमोर साधना करणारा आणि मागताक्षणी अंगठा कापून देणारा आदर्श शिष्य, हीच त्याची ओळख पाठ्यपुस्तकांतून व गुरुपौर्णिमेच्या भाषणांतून रूढ झाली आहे. गेल्या काही दशकांत दलित व आदिवासी साहित्याने याच प्रसंगाकडे अन्यायाचे प्रतीक म्हणून पाहिले. या दोन्ही वाचनांत एकलव्याची कथा अंगठा देण्यापाशी संपते. मूळ ग्रंथात मात्र ती तेथे संपत नाही. आदिपर्वाखेरीज सभा, उद्योग, द्रोण व आश्वमेधिक या पर्वांत आणि हरिवंशात विखुरलेले उल्लेख एकत्र वाचल्यास त्याचे निराळे चरित्र समोर येते. या उल्लेखांची संगती लावून त्यांचा ऐतिहासिक अर्थ तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एकलव्य ही ऐतिहासिक व्यक्ती होती असे येथे गृहीत धरलेले नाही. महाभारताची संहिता सर्वसाधारणपणे इ. स. पू. ४०० ते इ. स. ४०० या दीर्घ काळात आकाराला आली, असे अभ्यासक मानतात. त्यामुळे कथेतील घटनांपेक्षा कथा रचणाऱ्या समाजाची दृष्टी हाच येथे पुराव्याचा विषय आहे. विवेचनासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती आधारभूत मानली आहे. वि. सी. सुखठणकर यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि महाभारताच्या अठरा पर्वांचे संपादनकार्य १९६६ मध्ये सिद्धीस गेले. अनेक लोकप्रिय प्रसंग या आवृत्तीने प्रक्षिप्त ठरवले. एकलव्याचा प्रसंग मात्र मूळ संहितेत कायम राहिला.

आदिपर्वातील प्रसंग

आदिपर्वातील एकलव्य हा निराधार वनवासी बालक नाही. तो निषादांचा राजा हिरण्यधनू याचा पुत्र आहे. म्हणजेच द्रोणांकडे येतो तो एका शेजारी सत्तेचा राजपुत्र. द्रोण त्याला नाकारतात त्यामागे दोन गोष्टी आहेत : तो निषाद आहे हा विचार आणि आपल्या कुरुकुलीन शिष्यांची बूज. पुढे तो द्रोणांची मृण्मय प्रतिमा करून श्रद्धेने अभ्यास करतो. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो एकाच वेळी सात बाण मारतो आणि त्याचे हे हस्तलाघव पाहून पांडव चकित होतात.

यानंतरची हालचाल अर्जुनाकडून होते. आपल्याहून श्रेष्ठ शिष्य असणार नाही, या द्रोणांच्या वचनाची आठवण तो त्यांना एकांतात करून देतो. द्रोण वनात जाऊन दक्षिणा म्हणून उजवा अंगठा मागतात. एकलव्य तो प्रसन्न मुखाने देतो. येथे ग्रंथकाराने भर दिला आहे तो एकलव्याच्या सत्यनिष्ठेवर, दिलेला शब्द पाळण्यावर. प्रसंगाचा शेवटही लक्षणीय आहे : अर्जुनाची तळमळ शमली आणि द्रोणांचे वचन खरे ठरले. यानंतर एकलव्य बोटांनी धनुष्य ओढू लागला, परंतु पूर्वीची शीघ्रता राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. त्याची विद्या नाहीशी झाली नाही. तिची धार बोथट करण्यात आली.

अंगठ्यानंतरचा एकलव्य

सभापर्वात युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाचे वर्णन दुर्योधन करतो. अभिषेकासाठी कोणत्या राजाने काय आणले, याच्या यादीत मत्स्यराज व अवंतीचा राजा यांच्यासमवेत एकलव्याचे नाव येते. त्याने पादत्राणे आणली होती. येथे तो यज्ञाला उपस्थित राहणारा राजा आहे. उद्योगपर्वात कृष्णाच्या पराक्रमांची गणना करताना, इतरांना अजिंक्य वाटणाऱ्या निषादराज एकलव्याला कृष्णाने ठार केल्याचा उल्लेख येतो.

सर्वांत महत्त्वाचा उल्लेख द्रोणपर्वात आहे. घटोत्कचाच्या मृत्यूनंतर कृष्ण अर्जुनाला आपल्या धोरणाचा उलगडा करतो. जरासंध, चेदिराज शिशुपाल आणि निषादराज एकलव्य हे जिवंत असते तर दुर्योधनाला मिळाले असते आणि त्यांना जिंकणे अवघड झाले असते, असे तो सांगतो. अंगठा शाबूत असलेल्या एकलव्याला देवदानवही जिंकू शकले नसते. म्हणूनच अर्जुनाच्या हितासाठी द्रोणांनी आचार्यपणाचा आधार घेऊन त्याला अंगठ्यापासून वंचित केले आणि त्याच हितासाठी आपण त्याला रणात मारले, असे कृष्णाचे प्रतिपादन आहे. द्रोणांच्या कृतीसाठी येथे ‘छद्म’ हा शब्द योजलेला आहे. आदिपर्वात गुरुदक्षिणा म्हणून आलेली घटना ग्रंथाच्याच दुसऱ्या भागात कपट म्हणून, राजकीय डावपेच म्हणून ओळखली जाते. ही टीका आधुनिक वाचकाने बाहेरून लादलेली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

एकलव्याच्या वधानंतरही निषादांची सत्ता संपत नाही. आश्वमेधिक पर्वात यज्ञाश्वामागे फिरणारा अर्जुन एकलव्याच्या राज्यात पोहोचतो, तेव्हा एकलव्याचा पुत्र त्याच्याशी युद्ध करतो. तो पराभूत होतो. परंतु राज्य, वारस आणि प्रतिकाराची परंपरा या तिन्ही गोष्टी त्या प्रसंगातून सूचित होतात.

हरिवंश आणखी एक धागा जोडतो. त्यानुसार एकलव्य हा वसुदेवाचा भाऊ देवश्रवा याचा पुत्र असून निषादांनी त्याला वाढवले. या वंशावळीमुळे तो कृष्णाचा चुलतभाऊ ठरतो. वर्णव्यवस्थेबाहेरील पराक्रमी पुरुषाला क्षत्रिय जन्म देऊन त्याचे सामर्थ्य स्पष्ट करण्याची ही पद्धती असावी, असे म्हणता येते. आदिपर्वाने त्याला निषाद म्हणून विद्या नाकारली. हरिवंशाने त्याचे निषादत्वच केवळ पालनपोषणापुरते ठेवले.

निषाद : वैदिक व ऐतिहासिक साधने

निषादांचे समाजातील स्थान प्राचीन साधनांत एकसारखे दिसत नाही. यास्काच्या निरुक्तात ‘पंचजन’ या शब्दाचा अर्थ देताना चार वर्ण आणि पाचवा निषाद, असे औपमन्यवाचे मत नोंदवले आहे. श्रौत परंपरेत ‘निषादस्थपती’ला विशिष्ट इष्टी करण्याचा अधिकार सांगितला आहे. निषादांचा अधिपती असलेला त्रैवर्णिक, की स्वतः निषाद असलेला अधिपती, असा त्या सामासिक शब्दाविषयी मीमांसकांत वाद झाला आणि जैमिनीच्या मीमांसेने दुसरा अर्थ ग्राह्य मानला. म्हणजे मर्यादित स्वरूपात का होईना, निषाद अधिपतीला यज्ञाधिकार होता. उलट मनुस्मृती निषादाला ब्राह्मण पुरुष व शूद्र स्त्री यांच्यापासून झालेली संकरजाती ठरवते आणि मासेमारी हा त्याचा व्यवसाय सांगते. एका स्वतंत्र जनसमूहाचे जातीत रूपांतर करण्याची प्रक्रिया या साधनांमधून दिसते.

महाभारतातही ही दुहेरी वृत्ती आहे. वनपर्वात सरस्वती जेथे लुप्त होते ते विनशन म्हणजे निषादराष्ट्राचे द्वार होय, आणि निषादांना आपण ज्ञात होऊ नये म्हणून नदी भूमीत शिरली, असे सांगितले आहे. येथे तिरस्कार आहे, परंतु ‘राष्ट्र’ या शब्दाने राजकीय अस्तित्वही मान्य केले आहे. रामायणात शृंगवेरपूरचा निषादराज गुह रामाचा सखा म्हणून येतो. साहित्याबाहेरचा पुरावा सुमारे इ. स. १५० मधील रुद्रदामनाच्या जुनागढ शिलालेखाचा आहे. त्यात त्याच्या अधिपत्याखालील प्रदेशांच्या यादीत निषाद देशाचा उल्लेख येतो. त्याही पूर्वी अशोकाने तेराव्या शिलालेखात अटवीतील लोकांना सौम्य पण स्पष्ट इशारा दिला होता. कृषिप्रधान राज्ये आणि वनप्रदेशातील सत्ता यांच्यातील ताण हे त्या काळाचे वास्तव होते.

या पार्श्वभूमीवर अंगठ्याची मागणी वेगळी दिसते. धनुर्विद्या ही त्या काळी युद्धसामर्थ्याची मुख्य विद्या होती. ती शेजारच्या वनसत्तेच्या राजपुत्राने आत्मसात करणे म्हणजे सत्तेचा समतोल बदलणे होय. द्रोण हे हस्तिनापूरच्या आश्रयाला असलेले आचार्य होते. त्यांच्या नकारात वर्णविचार व राज्यहित एकमेकांत मिसळलेले आहेत. एकाला वगळून दुसऱ्याने कथेचे पूर्ण स्पष्टीकरण होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, महाभारतातील एकलव्य हा राजपुत्र, राजा, युद्धात मारला गेलेला योद्धा आणि वारस मागे ठेवणारा सत्ताधीश आहे. दुसरी, अंगठ्याच्या प्रसंगाचे नैतिक मूल्यमापन ग्रंथाने स्वतःच केले असून त्याला छद्म म्हटले आहे. तिसरी, ही कथा गुरुभक्तीइतकीच ज्ञानावरील नियंत्रणाचीही कथा आहे.

स्वतंत्र भारतात क्रीडाक्षेत्रातील राष्ट्रीय पुरस्कारांना १९६१ मध्ये अर्जुनाचे व १९८५ मध्ये द्रोणाचार्यांचे नाव दिले गेले. १९९७-९८ पासून सुरू झालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांच्या निवासी शाळांच्या केंद्रीय योजनेला एकलव्याचे नाव मिळाले. ज्याला शिक्षण नाकारले गेले त्याचे नाव शिक्षणसंस्थेला द्यावे, यात औचित्य आहे. परंतु त्या शाळांतील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्याला एकलव्य केवळ अंगठा देणारा म्हणून शिकवला गेला, तर त्याच्यासमोर त्यागाचाच आदर्श उरतो. राजसूयात राजांच्या पंक्तीत असलेला, अंगठ्याविनाही अजिंक्य मानला गेलेला निषादराज त्याला कळला पाहिजे. संहितेतील सर्व उल्लेख एकत्र ठेवून शिकवणे ही अध्यापकाची जबाबदारी ठरते. कारण या कथेत शिष्याप्रमाणेच आचार्याचीही परीक्षा आहे, आणि त्या परीक्षेचा निकाल द्रोणपर्वात नोंदवलेला आहे.