गुलाबी ओळखपत्र

तुर्की भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ असा भेद नाही. दोघांसाठी एकच शब्द आहे : ‘ओ’. मराठीत मात्र क्रियापदापाशी येताच निर्णय द्यावा लागतो. गायला की गायली? ब्यूलेंत एरसोय या गायिकेविषयी लिहिताना मी तो निर्णय एका क्षणात घेतो. तुर्कस्तानच्या सरकारला तो घ्यायला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत एका कलावंताचे गाणे बंद होते आणि त्या गाण्याच्या निमित्ताने एक कायदा बदलला. कलेने समाज बदलतो का, या आपल्या जुन्या वादात ही हकीकत दोन्ही बाजूंनी साक्ष देते.

पुरुषाने स्त्रीवेषात नाचणे-गाणे ही तुर्कांना नवी गोष्ट नव्हती. उस्मानी सुलतानांच्या काळात ‘कोचेक’ नावाचे नर्तक होते. घेरदार झगे घालून ही मुले राजवाड्यात आणि शहरातल्या मद्यगृहांत नाचत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर बंदी आली, तरी परंपरा पुरती मेली नाही. 1923 साली प्रजासत्ताक आले. पुढे 1951 साली रेडिओवरून एका तरुणाचा आवाज घराघरांत पोहोचला. त्याचे नाव झेकी म्युरेन. शास्त्रीय तुर्की गायकीवर त्याची पक्की हुकमत होती. पुढच्या काळात तो रंगमंचावर चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, प्रसंगी तोकडा झगा घालून येऊ लागला. लोक त्याला ‘कलेचा सूर्य’ म्हणत. पण स्वतःविषयी तो कधी एक शब्द बोलला नाही, आणि लोकांनीही विचारले नाही. हा एक मूक करार होता. 1991 साली त्याला ‘राज्य कलावंत’ ही पदवी मिळाली. 1996 साली इझमीरच्या टीव्ही स्टुडिओत सत्कार स्वीकारतानाच त्याने प्राण सोडला. आपली संपत्ती तो एका शिक्षण प्रतिष्ठानाला आणि सैनिकांच्या प्रतिष्ठानाला देऊन गेला.

ब्यूलेंत एरसोयने हा करार मोडला. 1952 साली जन्मलेला हा गायकही शास्त्रीय परंपरेतच घडला. पहिली ध्वनिमुद्रिका 1971 सालची. नाव पुरुषाचे, ओळख पुरुष गायक म्हणून. पण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शरीर आणि पेहराव बदलू लागले. ऑगस्ट 1980 मध्ये इझमीरच्या जत्रेत प्रेक्षकांसमोर तिने आपली छाती उघडी केली. खटला झाला, तुरुंगवासही घडला. त्याच सुमारास, 12 सप्टेंबर 1980 रोजी जनरल केनान एव्हरेन यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता घेतली.

एप्रिल 1981 मध्ये एरसोयने लंडनमध्ये लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. मायदेशी परतल्यावर तिला दोन दारे बंद दिसली. तिच्यासारख्या कलावंतांनी रंगमंचावर गाऊ नये, असा हुकूम लष्करी राजवटीने काढला होता. आणि आपली नोंद स्त्री म्हणून करावी, हा तिचा अर्ज न्यायालयांनी फेटाळला. तुर्कस्तानात त्या काळी पुरुषाचे ओळखपत्र निळे असे आणि स्त्रीचे गुलाबी. तिच्या हाती निळेच राहिले.

बराच काळ ती जर्मनीत राहिली. तिथे पोट भरण्यासाठी गेलेले लाखो तुर्की कामगार होते. त्यांच्यासमोर ती गायली, तिथे तिने चित्रपट केले. दरम्यान मायदेशात तिच्या कॅसेट खपत होत्या. सरकारने शरीरावर बंदी घातली होती, आवाजावर ती घालता आली नाही. टॅक्सीत, चहाच्या दुकानात, स्वयंपाकघरात ती गात होती. ज्या बाईला कायदा बाई मानत नव्हता, तिचे गाणे ऐकून लोक डोळे पुसत होते. बंदी हास्यास्पद ठरली ती इथे.

पण हीच बंदी इतरांसाठी हास्यास्पद नव्हती. इस्तंबूलच्या क्लबांत नाचून-गाऊन जगणाऱ्या कितीतरी अनामिक तृतीयपंथी कलावंतांची रोजी त्या हुकुमाने गेली. त्यांच्याकडे ना कॅसेट कंपनी होती, ना जर्मनीचे तिकीट. अनेकींना देहविक्रयाखेरीज मार्ग उरला नाही. पोलिसांनी त्यांना पकडावे, मारावे, गाडीत बसवून शहराबाहेर धाडावे, हे नित्याचे झाले. अखेर 1987 साली त्यांतल्या काही जणी आणि काही समलिंगी पुरुष तकसीम चौकाजवळच्या गेझी उद्यानात उपोषणाला बसले. पोलिसी अत्याचाराविरुद्ध या समाजाने उघड्यावर येऊन केलेली ती पहिली मोठी कृती मानली जाते.

1988 साली, तुर्गुत ओझाल पंतप्रधान असताना, नागरी संहितेचे कलम 29 दुरुस्त झाले. शस्त्रक्रिया केलेल्या व्यक्तीला नोंद बदलता येऊ लागली. एरसोयला गुलाबी ओळखपत्र मिळाले आणि ती रंगमंचावर परतली. पुढल्याच वर्षी अदाना येथे एका प्रेक्षकाने तिला एक राष्ट्रवादी गाणे म्हणायला सांगितले. तिने नकार दिला. त्याने गोळ्या झाडल्या. तिला एक मूत्रपिंड गमवावे लागले. बरी होऊन ती पुन्हा गाऊ लागली.

1995 साली तिने एका गाण्यात अजान घेतली आणि धार्मिक मंडळी खवळली. मला इथे एक साधा प्रश्न पडतो. जे तिला बाई मानायला तयार नव्हते, त्यांचा आक्षेप नेमका कोणाच्या आवाजाला होता? बाईच्या की पुरुषाच्या? फेब्रुवारी 2008 मध्ये तुर्की सैन्य उत्तर इराकमध्ये शिरले असताना ती टीव्हीवरील गायनस्पर्धेत परीक्षक होती. मला मुलगा असता तर इतरांच्या युद्धासाठी त्याला मातीत घालायला दिला नसता, अशा अर्थाचे ती थेट प्रक्षेपणात बोलली. लोकांना सैनिकी सेवेपासून परावृत्त केल्याचा खटला तिच्यावर भरला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती निर्दोष सुटली.

इतके वाचून तिला चळवळीची नायिका म्हणावेसे वाटेल. पण इतिहास इतका सोयीचा नसतो. 19 जून 2016 रोजी, रमजानच्या महिन्यात, इस्तंबूलमध्ये तृतीयपंथीयांचा मोर्चा पोलिसांनी बळाने उधळला. त्याच दिवशी संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या इफ्तारच्या मेजावर ब्यूलेंत एरसोय पाहुणी होती. ज्यांच्यावर रस्त्यात बळ वापरले गेले, त्यांच्या मनात ते छायाचित्र पाहून काय आले असेल?

तिला दोष देणे सोपे आहे. मला तो पूर्ण न्याय वाटत नाही. आपण चळवळ करतो आहोत, असे तिने कधी सांगितले नव्हते. तिला गायचे होते आणि स्त्री म्हणून गायचे होते. त्या हट्टाची किंमत तिने वनवासाने, रक्ताने मोजली. पण तिच्या निमित्ताने उघडलेले दार तिच्याच मापाचे होते. शस्त्रक्रियेचा खर्च ज्यांना झेपत नव्हता, ज्यांना ती नकोच होती, ते बाहेरच राहिले. 2002 च्या नव्या संहितेने तर अविवाहित असण्याची आणि प्रजननक्षमता गमावलेली असण्याची अट घातली. त्यांतली दुसरी अट संवैधानिक न्यायालयाने रद्द केली ती 2017 साली.

गाणे लोकांच्या मनाला पाझर फोडते, हे खरे. त्या सात वर्षांत कॅसेटने ते केले. पण एका कलावंतासाठी टाळ्या वाजवणारे हात तिच्या बिरादरीवर काठी उगारू शकतात, हेही तितकेच खरे. म्हणून या इतिहासात गुलाबी ओळखपत्राची नोंद करताना गेझी उद्यानातल्या त्या उपाशी माणसांची नोंद शेजारीच करायला हवी. त्यांना गाता येत होते की नाही, कोणास ठाऊक. त्यांना रंगमंच मिळाला नाही, म्हणून ते उद्यानात बसले.