वेर्टर ते पापागेनो : बातमी आणि कोवळी मने

१/ १७७४ च्या शरदात लाइप्झिगच्या पुस्तकमेळ्यात पंचवीस वर्षांच्या गटेची वेर्टरवरील कादंबरी आली. विफल प्रेमात खचलेला तिचा तरुण नायक अखेर आपले जीवन संपवतो. युरोपभर तरुण त्याच्यासारखा निळा कोट व पिवळी वासकट घालू लागले. काही जण मरणातही त्याचे अनुकरण करीत आहेत, अशी भीती पसरली आणि १७७५ मध्ये लाइप्झिगने पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घातली.

२/ तसे खरोखर किती जण गेले, हे तेव्हा कोणी मोजले नाही. गटेने मात्र त्याच वर्षीच्या नव्या आवृत्तीत, वाचकाने आपल्या वाटेने येऊ नये असे नायकाच्याच तोंडी घालणाऱ्या ओळी जोडल्या.

३/ मोजदाद व्हायला दोनशे वर्षे लागली. १९७४ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी दाखवले की आत्महत्येची बातमी पहिल्या पानावर झळकली की पाठोपाठ आत्महत्या वाढतात. त्यांनी याला ‘वेर्टर परिणाम’ म्हटले. १९८६ मध्ये त्यांनी व कार्स्टनसेन यांनी दूरचित्रवाणीवरील बातम्या तपासल्या. बातमीनंतरच्या आठवड्यात किशोरवयीनांतील आत्महत्या वाढत, आणि जितक्या अधिक वाहिन्यांनी ती बातमी दाखवली तितकी ही वाढ मोठी असे. प्रौढांपेक्षा कोवळ्या वयात हा परिणाम अधिक दिसला.

४/ मग बातमीच देऊ नये काय? याचे उत्तर व्हिएन्नाने दिले. तेथील भुयारी रेल्वेतील मृत्यूंची वर्णने वृत्तपत्रे रंगवून छापत. १९८७ च्या मध्यास तज्ज्ञांनी संपादकांपुढे वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे ठेवली. बातम्या आतल्या पानावर गेल्या, त्रोटक झाल्या, काही छापल्याच गेल्या नाहीत. सहा महिन्यांत तेथील अशा घटना तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्या. कायदा नाही, बंदी नाही; केवळ संपादकांचा संयम.

५/ याच शहरात १७९१ मध्ये मोत्सार्टची ‘जादूची बासरी’ रंगमंचावर आली होती. तीत प्रिया गमावल्याने निराश झालेल्या पापागेनोला मरणाच्या उंबरठ्यावर तीन मुले अडवतात आणि त्याच्याजवळच्या घंटिकांची आठवण करून देतात. तो त्या वाजवतो, आणि पापागेना परत येते. अडवणारी मुलेच आहेत, हे विशेष.

६/ २०१० मध्ये नीडरक्रोटेनथालर व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातील वृत्तपत्रे तपासली. मरणाचा विचार मनात येऊनही त्यातून सावरलेल्या माणसांच्या बातम्यांनंतर आत्महत्यांचे प्रमाण घटल्याचे आढळले. त्याला नाव मिळाले ‘पापागेनो परिणाम’.

७/ भारतीय पत्रकार परिषदेने अशी वार्तांकन-तत्त्वे २०१९ मध्ये स्वीकारली. आज बातमी संपादकाच्या टेबलावरून न जाता थेट मुलांच्या हातातील पडद्यावर येते. ती पुढे पाठवणारा प्रत्येक जण तेथे संपादकच असतो. खचलेल्या मुलाला किंवा त्याच्या पालकांना बोलण्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे.