हँडलपासून बिनकिल्लीच्या इंजिनापर्यंत

जुन्या अँबॅसिडरच्या डिकीत एक वाकडी लोखंडी सळई असे. बॅटरी उतरली की ती गाडीच्या पुढच्या बाजूला घालून ‘हँडल मारावे’ लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार सुरू करण्याचा जगभर हाच प्रमुख मार्ग होता आणि तो धोक्याचा होता. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन उलट रेटला जाई, हँडल झटक्यासरशी मागे येई आणि मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय शोधला. कॅश रजिस्टरला विजेची मोटर जोडताना त्यांना उमगले होते की, क्षणभरच चालायची मोटर कुवतीहून पुष्कळ अधिक राबवता येते. ती जळत नाही. याच तत्त्वावरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला.

पुढे स्टार्टरचे काम किल्लीच्या फिरवण्यातच सामावले गेले. मात्र कुलपामागच्या तारा एकमेकींना जोडल्या की चोराचेही काम होई. म्हणून १९८६च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा रोधक बसवण्यात आला. त्याची ठरावीक १५ मूल्ये होती. मूल्य जुळले नाही तर इंजिन सुरू होत नसे. पण याच सुमारास कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ भागांत घरात बसून गाडी सुरू करणारे रिमोट स्टार्टर बाजारात होते आणि त्यांना ही किल्ली आड येऊ लागली. कारागिरांनी किल्लीचा रोध मल्टिमीटरने मोजला आणि तेवढ्याच मूल्याचा रोधक तारांमध्ये जोडून दिला. बायपास मॉड्यूलचा पूर्वज तो हाच.

१९९०च्या दशकात किल्लीच्या मुठीत ट्रान्सपाँडर आला. त्याला बॅटरी नसते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्रातून तो ऊर्जा घेतो आणि आपली ओळख कळवतो. पुढच्या पिढ्यांत गाडी त्याला सांकेतिक प्रश्न विचारू लागली. युरोपीय संघात १९९८पासून नव्या मोटारींना असे इमोबिलायझर सक्तीचे झाले, कॅनडात २००७पासून. नेदरलँड्समधील एका अभ्यासानुसार त्यामुळे वाहनचोऱ्या सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

रिमोटने गाडी सुरू करताना मात्र कुलपात किल्ली नसते. यावरचा पहिला तोडगा मला आजही थक्क करतो: गाडीची दुसरी खरी किल्ली एका छोट्या पेटीत घालायची, भोवती तारेचे वेटोळे ठेवायचे आणि ती डॅशबोर्डमागे लपवायची. रिमोट दाबला की तेवढ्यापुरती ती गाडीशी ‘बोलते’. चोरापासून जपायची वस्तू मालकाने पैसे मोजून गाडीतच ठेवली! नंतरची मॉड्यूल गाडीच्या अंतर्गत जाळ्यातूनच ओळख पटवू लागली. कॅन नावाचे हे जाळे बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडले. ते वेगवान आणि भरवशाचे आहे, पण संदेश कोणी पाठवला याचा पुरावा त्याच्या मूळ रचनेत नाही. जो तारेला जोडला गेला, तो घरचाच.

सांकेतिक भाषाही अभेद्य राहिली नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये किल्लीतील ४० बिटांची एक सांकेतिक पद्धत उलगडली. दुसऱ्या एका पद्धतीवरचा शोधनिबंध ब्रिटनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये रोखला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षे त्रुटी झाकली गेली, दुरुस्त झाली नाही.

आपल्याकडे ही सोय थंडीपेक्षा उन्हासाठी हवी असते. उन्हात तापलेली गाडी बसण्यापूर्वी गार व्हावी म्हणून. काही नव्या गाड्यांत ती कारखान्यातूनच येते, उरलेल्यांत ॲक्सेसरीच्या दुकानातून. आपल्या पुष्कळ गाड्या मॅन्युअल गिअरच्या, आणि चढावर गिअरमध्ये टाकून उभ्या करण्याची आपली सवय. क्लचची सुरक्षा-कळ डावलून जोडलेला स्टार्टर अशी गाडी धक्क्यासरशी पुढे ढकलतो. बंद गॅरेजमध्ये चालू राहिलेले इंजिन तर कार्बन मोनॉक्साइड साठवते. बसवणाऱ्याने दुसरी किल्ली मागितली, तर मॉड्यूलला ओळख पटवून तो ती परत देणार, की डॅशबोर्डमागे ठेवणार, हे आधीच विचारून घेता येते.